सहा एकरांवर पॅकहाउस आणि शीतगृह : नेमका कोणकोणता सर्व्हे करून घ्यावा?

बांधावरचा
नमस्कार मंडळी. सांगोला तालुक्यात आम्ही काही डाळिंबवाल्यांनी मिळून २ हेक्टर ४० आर जमीन घेतली आहे. ६० बाय ४० मीटरचे पॅकहाउस, त्याला लागून शीतगृह, ट्रक वळायला मोकळी जागा आणि खालच्या अंगाला शेततळे असा बेत आहे. डांबरी रस्त्यापासून जागा साधारण १.२ किलोमीटर आत. मध्ये पाणंद आहे आणि एक ओढा ओलांडावा लागतो.

आर्किटेक्ट म्हणाले, आधी सर्व्हे आणा. तीन ठिकाणी विचारलं. एकाने लिहून दिलं 'टोटल स्टेशनने कंटूर सर्व्हे'. दुसऱ्याने 'ड्रोन सर्व्हे, ऑर्थो आणि डीईएम'. तिसऱ्याने 'डीजीपीएस कंट्रोल, टोपो, एल-सेक्शन, क्रॉस-सेक्शन'. दरांची तुलना करावी तर तिघे एकच काम करणार आहेत का, हेच कळेना. त्यात गावातली मंडळी म्हणतात, सरकारी मोजणी आणली की झालं, बाकी सगळे पैसे काढायचे धंदे. जाणकारांनी सांगावं.

लेव्हलपट्टी
तिघांपैकी दोघांनी यंत्राचं नाव लिहून दिलंय. तुम्हाला हवंय काम. टोटल स्टेशन (तिपाईवरून कोन आणि अंतर मोजणारं यंत्र), ड्रोन, रोव्हर (उपग्रहांवरून नेमकी जागा काढणारं, काठीवरचं डीजीपीएस यंत्र) ही हत्यारं. विचारायचं ते असं, की कागदावर काय मिळणार, किती अचूक, आणि त्यावर पुढे कोण निर्णय घेणार?

तुमच्या कामात असे निर्णय मला चार दिसतात. जमीन कुठपर्यंत आपली, हा पहिला. जोत्याची पातळी किती ठेवायची आणि भराव किती लागणार, हा दुसरा. रस्ता कुठून, किती चढाने न्यायचा, हा तिसरा. ओढ्यावर मोरी केवढी, हा चौथा. पहिल्याला लागते हद्दीची मोजणी, दुसऱ्याला टोपोग्राफिक म्हणजे कंटूर (सारख्या उंचीच्या रेषांचा) सर्व्हे, तिसऱ्याला रस्त्याच्या पट्ट्याचा सर्व्हे, चौथ्याला ओढ्याचे छेद आणि पाणलोटाचा नकाशा. एकच माणूस चारही करून देईल असं नाही. पहिलं तर भूमी अभिलेख खात्याच्या शिक्क्याशिवाय खाजगी माणूस देऊच शकत नाही.

शंकूसाखळी
वरच्या शेवटच्या वाक्याला माझं अनुमोदन. भूमी अभिलेखमध्ये भूकरमापक म्हणून उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे हद्दीपुरतं सविस्तर लिहितो. बाकीचं तुम्ही तरुण मंडळी बघा.

खाजगी सर्व्हेअर तुम्हाला बांध दाखवील, तारेचं कुंपण दाखवील. ते जमिनीवर आज काय आहे याचं चित्र असतं. कायद्याची हद्द म्हणजे मूळ टिपण, फाळणी किंवा गट नकाशा यांवरून बसवलेली रेघ. ती बसवण्याचं काम खात्याचं, आणि वाद झाला तर उभी राहते ती खात्याची 'क' प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची नक्कल. बांध कधी सरकलेला असतो, कधी कुणी सरकवलेला असतो. गावोगाव दोन्ही प्रकार पाहिलेत.

अर्ज करताना प्रकार नीट निवडा. नुसत्या खुणा हव्यात तर हद्द कायम. खरेदीने पोटहिस्सा पडला असेल तर पोटहिस्सा मोजणी, मग आकारफोड (शेतसाऱ्याची वाटणी), मग सातबाराला अंमल. बिगरशेतीचा प्रस्ताव असेल तर बिनशेती मोजणी. चुकीच्या प्रकाराचा अर्ज केला की सगळी फेरी पहिल्यापासून. घाईनुसार पूर्वी साधी, तातडी, अतितातडी असे वर्ग होते, आता नियमित आणि द्रुतगती एवढेच. मोजणी मान्य नसेल तर त्यावर निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागता येते. निमतानाही मान्य नसेल तर सुपर निमताना. तिथवर गेलेली माणसं बहुधा जमिनीसाठी भांडत नसतात.

लगतच्या खातेदारांना नोटीस जाते. ते हजर राहतील असं बघा, गोडीने बोलवा, चहा पाजा. आणि पीक काढून ठेवा. उभ्या पिकात मोजणी करायला कुणी येत नाही.

अवांतर : आपल्या भागात या सगळ्याची सुरुवात जवळच, इंदापूरला झाली. १८३५ च्या सुमाराला गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी तिथे शेतवार मोजणी आणि प्रतबंदी (जमिनीच्या कसानुसार वर्गवारी) पुन्हा करायला घेतली आणि त्यातून मुंबई इलाख्याची पद्धत घडली. शंकू साखळी ३३ फुटांची, तिचे आणे १६. साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. साखळी गेली, गुंठा राहिला.

नुसताच_वाचक
म्हणजे गावातली मंडळी निम्मी बरोबर.

बांधावरचा
काका, खूप आभार. खरेदी अख्ख्या गटाची आहे, त्यामुळे पोटहिश्शाची भानगड नाही. पण सातबाऱ्यावर २.४० आहे आणि मी मोबाईलवरच्या अ‍ॅपने चालत फिरून मोजलं तर २.३१ भरतं. घाबरायचं का?

शंकूसाखळी
मोबाईलने मोजून कुणाशी भांडू नका एवढंच सांगतो. फोनचा जीपीएस उघड्या माळावरसुद्धा पाच-सात मीटर इकडेतिकडे होतो. पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) धरलाय का तेही बघा, ओढ्याच्या बाजूला असणार. खरा फरक निघू शकतो, निघत नाही असं नाही. एकत्रीकरणात गट पाडताना कागद आणि शिवार यांचा मेळ सगळीकडे सारखा बसलेला नाही. मोजणी होऊ द्या, मग बोलू.

ढगातला
मी ड्रोन उडवतो, परवाना आहे, त्यामुळे माझ्या धंद्याची बाजू मांडायला हवी. सहा एकरांचं उड्डाण अर्ध्या तासाचंही नाही. पण १.२ किलोमीटर रस्त्याचा पट्टा, ओढ्याची वरची बाजू आणि आजूबाजूची शेतं एकदम हवी असतील तर ड्रोनसारखं दुसरं काही नाही. दोन-तीन सेंटिमीटरला एक पिक्सेल असा ऑर्थो निघतो. त्यावर विहीर, विजेचे खांब, झाडं, पाइपलाइनची चर सगळं दिसतं. आर्किटेक्ट आणि बँकवाले दोघेही खूश.

ऑर्थो म्हणजे मापात बसवलेलं हवाई छायाचित्र, ज्यावर अंतर मोजता येतं. डीईएम म्हणजे उंचीचं मॉडेल. इथे एक मेख आहे. कॅमेऱ्याला जमीन दिसली तरच जमिनीची उंची मिळते. वर बाभळ असली तर बाभळीची मिळते. झाडीखालची जमीन हवी तर लायडार लागतो, तो लेझरच्या झोतांनी मोजतो आणि काही झोत पानांतून खाली पोचतात. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या ५०८ किलोमीटर मार्गासाठी विमानातून लायडार केला होता. एरवी दहा-बारा महिन्यांचं जमिनीवरचं काम बारा आठवड्यांत उरकलं. तुमच्या सहा एकरांना लायडार सांगणारा भेटला तर हात जोडा.

आणि उडवणाऱ्याकडे रिमोट पायलट सर्टिफिकेट आणि ड्रोनचा नोंदणी क्रमांक आहे का ते विचारा. २०२१ च्या नियमांनंतर हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, पण नोंदणी लागतेच.

लेव्हलपट्टी
ढगातला, ऑर्थोबद्दल वाद नाही. पण जोत्याची पातळी ड्रोनच्या डीईएमवरून ठरवू नये. हिशोब करा. ६० बाय ४० म्हणजे २४०० चौरस मीटर. उंचीत १० सेंटिमीटर फरक पडला तर २४० घनमीटर भराव. २.८३ ने भागा, साधारण ८५ ब्रास मुरूम. मुरमाचा आजचा भाव बांधावरचा यांनी लावून बघावा.

ढगातला
हिशोब अर्धाच बरोबर. एका ठिकाणी १० वर, दुसऱ्या ठिकाणी १० खाली अशा चुका २४०० चौरस मीटरवर एकमेकींना खातात, घनफळात फारसा फरक उरत नाही. घात करते ती एकाच दिशेची चूक.

लेव्हलपट्टी
मान्य. आणि गवत ती एकाच दिशेची चूक देतं, कायम वरची. पावसाळ्यानंतर कुसळी गवत गुडघाभर असतं त्या माळावर. कंट्रोल पॉइंटची (ड्रोनचं चित्र मापात बसवायला जमिनीवर मोजलेल्या खुणेची) उंची चुकली तरी सगळं मॉडेल एकदम वर किंवा खाली जातं.

म्हणून माझा आग्रह असा. पॅकहाउस आणि शीतगृहाच्या जागेवर ५ मीटरच्या जाळीने आणि बाकी जमिनीवर १० मीटरच्या जाळीने टोटल स्टेशन किंवा रोव्हरने स्पॉट लेव्हल, म्हणजे एकेका बिंदूची उंची, घ्या. उताराचा कडा, बांध, चर, ओढ्याचा काठ इथे जाळी सोडून जादा पॉइंट. कंटूर अर्ध्या मीटरचे, नकाशा १:५०० ला. ड्रोन हवाच असेल तर आजूबाजूच्या चित्रासाठी.

जाळीतले पॉइंट मोजायला मजूर लागतात म्हणून काही लोक २०-२० मीटरवर पॉइंट घेतात आणि सॉफ्टवेअरला मधले कंटूर काढू देतात. नकाशा छान गुळगुळीत दिसतो. गुळगुळीत कंटूर दिसले की कच्चे पॉइंट मागा.

नुसताच_वाचक
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

रेखांश७५
मी जीआयएसमध्ये काम करते. वरच्या चर्चेत एक गोष्ट कुणी काढली नाही आणि नेमकी तीच सांगोल्यात नडते, म्हणून लिहिते.

रोव्हर किंवा डीजीपीएसने घेतलेले निर्देशांक बहुतेक जण यूटीएममध्ये देतात. ही पृथ्वीचे उभे पट्टे करून ते सपाट नकाशावर मांडायची पद्धत. महाराष्ट्राचा बराचसा भाग ४३ क्रमांकाच्या पट्ट्यात येतो, ७२ ते ७८ अंश. वर्धा, नागपूर आणि त्यापुढचे जिल्हे ४४ मध्ये. ४३ चा मध्यरेखांश ७५ अंश आणि सांगोला जवळजवळ त्याच्यावरच. मध्यरेखांशावर यूटीएमचं प्रमाण ०.९९९६ असतं. म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर नकाशात ९९९.६ मीटर. तुमच्या १.२ किलोमीटर रस्त्यात ४८ सेंटिमीटरचा फरक, जागेच्या उंचीमुळे थोडा आणखी. सर्व्हेअरने यूटीएममध्ये फाइल दिली आणि ठेकेदाराने टोटल स्टेशनने आखणी केली, तर दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात आणि मोरी चुकीच्या जागी येते. ४८ सेंटिमीटर ओढ्यावर चालून जातील, पण प्री-फॅब शेडच्या खांबांना ६० मीटरवर अडीच सेंटिमीटरही चालत नाहीत. फाइलवर लिहून घ्या, ग्रिड अंतर की जमिनीवरचं अंतर. आखणीसाठी जमिनीवरचंच मागा.

दुसरं उंचीचं. उपग्रहावरून मिळणारी उंची गणिती लंबगोलावरून मोजलेली असते, समुद्रसपाटीवरून नाही. आपल्या राज्यात या दोन्हींत ६० ते ८० मीटरचं अंतर आहे. मुंबईच्या चौपाटीवर रोव्हर लावला तर उंची उणे साठच्या पुढे दाखवतो आणि नवा मुलगा यंत्र बिघडलं म्हणून फोन करतो. एवढा मोठा फरक लगेच कळतो, त्यामुळे तो धोक्याचा नाही. धोका वेगळ्या जिऑइड मॉडेलमुळे (या दोन उंचींतला फरक सांगणाऱ्या गणिती मॉडेलमुळे) पडणाऱ्या थोड्या फरकाचा, तो कुणाच्या डोळ्यांत येत नाही.

बांधावरचा
रेखांश७५ ताई, अर्धं डोक्यावरून गेलं, पण ४८ सेंटिमीटर समजले. मग उंची कशावरून धरायची?

लेव्हलपट्टी
ऑटो लेव्हलने, म्हणजे पातळी बघायच्या दुर्बिणीने. जुनं यंत्र, पण उंचीच्या बाबतीत आजही तेच शेवटचा शब्द. भारतीय सर्वेक्षण खात्याचा किंवा जलसंपदा, बांधकाम विभागाचा पक्का बेंचमार्क (उंची ठरलेली कायमची खूण) जवळ सापडला तर तिथून पातळी आणा. नाही सापडला तरी अडत नाही. जागेवर आपलाच बेंचमार्क करा, त्याला १००.००० धरा आणि सगळं काम त्यावर. तुमच्या ट्रकला समुद्रसपाटी माहीत असायची गरज नाही. मात्र रस्ता, मोरी, जोतं आणि शेततळं या सगळ्यांच्या पातळ्या त्याच एका बेंचमार्कवरून हव्यात.

डांबरी रस्त्यापासून जागेपर्यंत लेव्हल नेली की परत पहिल्या खुणेवर यायचं. २.४ किलोमीटरच्या फेरीत १८-१९ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा. १२ गुणिले किलोमीटरचं वर्गमूळ, असा तो नियम. लेव्हल बुकाची, म्हणजे जागेवर पातळ्या लिहिलेल्या वहीची, प्रत मागून घ्या. द्यायला कां कूं करणारा परत गेलेलाच नसतो.

ढगातला
रोव्हरबद्दल थोडं. सर्वेक्षण खात्याची कॉर्स स्थानकं (कायम चालू असणारे उपग्रह-मोजणीचे बेस) राज्यात ७७ आहेत. त्यांच्याकडून इंटरनेटवर दुरुस्ती मिळते, त्यामुळे स्वतःचा बेस लावायची गरज बऱ्याचदा उरत नाही. भूमी अभिलेखची मोजणीही आता याच रोव्हरवर चालते आणि तिचे निर्देशांक तुमच्या टोपोशी जुळवता येतात. ही मोठी सोय आहे. पूर्वी 'क' प्रत स्कॅन करून ऑटोकॅडमध्ये ओढूनताणून बसवायचे. स्क्रीनवर 'फिक्स' (जागा पक्की झाली) असेल तेव्हाच पॉइंट घ्यायचा, 'फ्लोट' असताना नाही. झाडाखाली आणि शेडच्या भिंतीला चिकटून नाहीच नाही, तिथे टोटल स्टेशन.

शंकूसाखळी
ढगातला यांनी बरोबर सांगितलं. खात्याने हद्दीच्या खुणा दाखवल्या की त्याच दिवशी, त्याच खुणांवर तुमच्या सर्व्हेअरने रोव्हर ठेवून पॉइंट घ्यावेत. नंतर दगड हलतात. कंटूरच्या नकाशावर हद्द याच पॉइंटांवरून आली पाहिजे, कुंपणावरून नको.

मोरीवाला
उशिरा आलो. ओढ्याचं कुणी नीट बोललंच नाही. पट्ट्याचा सर्व्हे म्हणजे पाणंदीच्या मधल्या रेषेवरून लांबीचा छेद (एल-सेक्शन) आणि दर २५ मीटरला आडवे छेद (क्रॉस-सेक्शन), वळणावर आणि चढावर आणखी जवळ. दोन्ही बाजूंना १५-१५ मीटरपर्यंत तरी घ्या. रस्ता थोडा सरकवावा लागला तर परत माणूस पाठवावा लागत नाही.

ओढ्याला मोरीच्या जागेवर एक छेद घेऊन भागत नाही. वर आणि खाली शंभर-दोनशे मीटरपर्यंत तीन-चार छेद आणि तळाचा उतार हवा. पूरपातळी म्हाताऱ्या माणसांना विचारा, पण दोघांना वेगवेगळं. झाडाच्या बुंध्यात अडकलेला पालापाचोळा, देवळाच्या पायरीवरची खूण, जे दाखवतील त्याची लेव्हल त्याच बेंचमार्कवरून घ्या. पाणलोट १:५०,००० च्या टोपोशीटवरून काढता येतो. मग विसर्गाचं, म्हणजे पुरात किती पाणी येईल त्याचं, सूत्र. आपल्याकडे इंग्लिसचं वापरतात, पण ते घाटाकडच्या पाणलोटांना जास्त लागू. माणदेशात ते मोठा आकडा देतं, इंजिनिअरला जुळवून घेऊ द्या. माणदेश दुष्काळी म्हणून लोक एक पाइप टाकून मोकळे होतात. चार वर्षं ओढा कोरडा असतो, पाचव्या वर्षी एका रात्रीत पाइपासकट भराव घेऊन जातो.

जागा माण नदीच्या जवळ असेल तर जलसंपदा विभागाच्या पूररेषा आखल्या आहेत का बघा. निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकाम विसरा.

बांधावरचा
नदी लांब आहे. आणि पाणंद गाव नकाशावर आहे, पण दोन ठिकाणी नांगरून अरुंद केलीय.

शंकूसाखळी
मग रस्त्याचा सर्व्हे करायच्या आधी तहसीलदारांकडे जा. नकाशावरची पाणंद मोकळी करून मागायची. जिथे नकाशावर वाटच नाही तिथे महसूल अधिनियमाचं कलम १४३, बांधावरून रस्ता. हक्क ठरण्याआधी छेद काढले तर ते कागदावरच राहतील, असं आमच्याकडे बरेचदा झालेलं पाहिलंय.

पेठेतला
पुण्यात रस्त्याखालच्या कामांत असतो. तुम्हाला भूमिगत सेवांचा सर्व्हे लागेल का? शहरात जीपीआर म्हणजे जमिनीत रडार सोडून पाइप, केबल शोधतात.

लेव्हलपट्टी
माळावर कशाला? एक पाणीपुरवठ्याची लाइन आणि कदाचित कुणाची ठिबकची मुख्य पाइप. चर खणून बघितलेलं बरं. काळ्या मातीत, त्यातून ओली असेल तर, जीपीआर फार खोल जातही नाही. डांबरी रस्त्यालगत ऑप्टिकल फायबर असेल, तिथे खणण्याआधी 'कॉल बिफोर यू डिग' अ‍ॅपवर कळवा. आणि माती परीक्षण हा सर्व्हेचा भाग नाही. तो वेगळा माणूस. शीतगृहाला मात्र तो टाळू नका, काळ्या मातीवर तर नाहीच.

बांधावरचा
सगळं वाचून तिघांनाही पाठवायला एक मसुदा केलाय. बघून सांगा.

'भूमी अभिलेखची हद्द मोजणी आम्ही करून घेऊ. मोजणीच्या दिवशी हजर राहून खुणांचे निर्देशांक घेणे. जागेवर तीन पक्के बेंचमार्क, ऑटो लेव्हलने जोडलेले, लेव्हल बुकासह. बांधकामाच्या जागेत ५ मीटर आणि इतरत्र १० मीटर जाळीने लेव्हल, अर्ध्या मीटरचे कंटूर. पाणंदीचा पट्टा १.२ किलोमीटर, २५ मीटरला आडवे छेद. ओढ्याचे चार छेद, पूरखुणांसह. निर्देशांक यूटीएम ४३, आखणीची फाइल जमिनीवरच्या अंतरात. कच्चे पॉइंट आणि डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची फाइल) दोन्ही.' ड्रोनचा ऑर्थो स्वतंत्र दराने मागवतोय.

रेखांश७५
छान. 'यूटीएम ४३ उत्तर, डब्ल्यूजीएस ८४' असं पूर्ण लिहा. आणि जमिनीवरच्या अंतरासाठी कोणता गुणक वापरला, तो आकडा नकाशावरच छापून मागा.

मोरीवाला
शेततळ्याच्या जागेलाही ५ मीटरची जाळी घ्या. खोदाईचं बिल घनमीटरवर निघतं. खोदण्याआधीची लेव्हल नसली की नंतर ठेकेदार सांगेल तो आकडा.

ढगातला
ऑर्थोसाठी जमिनीवरचे कंट्रोल पॉइंट त्याच तीन बेंचमार्कना जोडून घ्या, नाहीतर माझ्यासारखा कुणीतरी स्वतःचेच पॉइंट ठेवून जाईल आणि दोन नकाशे एकावर एक बसणार नाहीत.

लेव्हलपट्टी
तीन बेंचमार्क कुठे करणार? मातीत ठोकलेली सळई नको. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, सळई तिच्याबरोबर वरखाली होते.

बांधावरचा
एक विहिरीच्या काठाच्या काँक्रीटवर, एक ट्रान्सफॉर्मरच्या चौथऱ्यावर. तिसऱ्याला जागेत खडक उघडा आहे त्यावर छिन्नीने खूण करतो. चालेल?

लेव्हलपट्टी
पळेल. तिन्हींचे फोटो आणि जवळच्या दोन-दोन पक्क्या खुणांपासूनची अंतरं नकाशावर घ्या.

कोकणकडा
बांधावरचा यांचा प्रश्न सुटला असेल तर विचारतो. वेंगुर्ल्याला खाडीजवळ आमची वाडी आहे, घर बांधायचंय. भरती रेषेचा सर्व्हे कोण करून देतं?

शंकूसाखळी
त्याला वेगळा धागा काढा. किनारपट्टीचे नियम इथे घुसवले तर बांधावरचा यांची बिगरशेती राहून जाईल.